वहीतली पावकी, कुऱ्ह्याचा ऱ आणि पडद्यावरचे चौकोन

अमळनेरचे_गुरुजी

सर्व सभासदांस नमस्कार.

माझे आजोबा अमळनेरला कापसाच्या एका आडतीवर दिवाणजी होते. त्यांच्या हातच्या तीन चोपड्या माळ्यावरच्या पेटीत सापडल्या असून त्यांतील नोंदी १९५१ ते १९५६ या काळातल्या आहेत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्याआधीचा हा हिशेब असल्यामुळे तो सगळा रुपये, आणे आणि पैंचा आहे. अक्षर बहुतेक बालबोध, म्हणजे देवनागरी आहे, काही पाने मात्र मोडीत आहेत. सेवानिवृत्तीनंतर हाताशी वेळ असल्यामुळे गेले पाच महिने मी या चोपड्या संगणकावर उतरवून घेत आहे.

आजोबा साडेपाच लिहिताना पाचाच्या पुढे दोन उभ्या रेघा ओढीत, सव्वापाचाला एक आणि पावणेसहाला पाचापुढे तीन. आरंभी मी या रेघांसाठी श्लोकाच्या शेवटी येणारा दंडच वापरला होता. नंतर जळगावच्या भाच्याने सांगितले की पावकी-निमकीच्या या रेघांसाठी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक क्रमांकसूचीत, स्वतंत्र चिन्हे आहेत, म्हणून ती शोधून घातली. माझ्या संगणकावर ती व्यवस्थित दिसतात, पण भाच्याच्या फोनवर त्यांच्या जागी चौकोन उमटतात. त्याने तीच यादी एक्सेलमध्ये जतन करून मला परत पाठवली, तेव्हा माणसांची आणि गावांची सगळी नावे प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन आली. पुस्तिकेची पहिली सोळा पाने एका छापखान्यात दिली, तर प्रुफात एकाच पानावर वरच्या ओळीत ‘कुऱ्हे’ बरोबर आणि खालच्या ओळीत ‘कुर्हे’ असे आले आहे.

नमुन्यादाखल एक ओळ देतो. ती आपणास कशी दिसते, हे कृपया कळवावे.

कुऱ्हे येथील गिऱ्हाईक, सरकी ५꠱ मण, हमाली १꠰ रुपये.

यात चूक माझ्या टंकनाची आहे, फोनची आहे की छापखान्याची, एवढे समजले तरी पुढचे काम कोणत्या रीतीने करायचे ते ठरवता येईल.


बोरीकाठ

गुरुजी, माझा फोन सात वर्षांचा आहे. त्यावर पाच आणि एक या आकड्यांपुढे चौकोन दिसतात, कुऱ्हे व गिऱ्हाईक मात्र नीट आहेत. हीच ओळ मी फोनवरून उचलून मुलीला पाठवली, तर तिच्या नव्या फोनवर चौकोनांच्या जागी रेघा आल्या. माझ्या फोनला जे दिसत नव्हते ते त्याने पुढे कसे पाठवले, हे मला अजून उमगलेले नाही.


तापीवरून_पुण्याला

गुरुजींना नमस्कार. मी मूळची चोपड्याची असून पुण्यात संगणकक्षेत्रात काम करते. बोरीकाठ दादांच्या प्रश्नातच गुरुजींच्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, म्हणून तेथूनच आरंभ करते.

फाइलमध्ये अक्षराचे चित्र नसते, त्याचा क्रमांक असतो. निमकीच्या चिन्हाचा युनिकोडमधला क्रमांक ए८३१ आहे आणि पावकीचा ए८३०. हे क्रमांक सोळाच्या मापाने मोजलेले असल्यामुळे त्यांत नवानंतर ए, बी, सी अशी अक्षरे येतात. सोळा आण्यांचा रुपया मोजणाऱ्या दिवाणजींना ही मोजणी आपल्यापेक्षा लवकर समजली असती. दादांच्या फोनला ए८३१ हा क्रमांक मिळाला आणि त्याने तो जपूनही ठेवला, परंतु त्याच्याजवळच्या एकाही फाँटमध्ये त्या क्रमांकाचा आकार नव्हता, म्हणून त्याने चौकोन काढला. पुढे पाठवताना त्याने चौकोन पाठवला नाही, क्रमांकच पाठवला. मुलीच्या फोनकडे आकार होता, म्हणून तेथे रेघा उमटल्या. चौकोन दिसला की घाबरू नये आणि तो खोडून तेथे दुसरे काही टंकित करू नये. अनेक जण नेमके तेच करतात आणि चांगला मजकूर आपल्या हाताने बिघडवतात.

प्रश्नचिन्हांची गोष्ट वेगळी आहे आणि ती अधिक गंभीर आहे. एक्सेलमधून ‘सीएसव्ही’ हा साधा प्रकार निवडून जतन केले, तर मजकूर संगणकाच्या जुन्या, बहुधा इंग्रजीपुरत्या असलेल्या अक्षरसंचात उतरवला जातो. त्या संचात क, ख, ग यांना जागाच नसल्यामुळे प्रत्येक अक्षराच्या ठिकाणी प्रश्नचिन्ह लिहिले जाते, आणि ते खरोखरच लिहिले जाते. मूळ क्रमांक त्या फाइलमध्ये उरत नाही, त्यामुळे ती फाइल कोणत्याही फाँटने किंवा कोणत्याही जाणकाराने परत आणता येणार नाही. ती टाकून द्यावी आणि मूळ प्रतीवरून पुन्हा यादी करावी. जतन करताना याच प्रकाराच्या नावापुढे ‘यूटीएफ-८’ लिहिलेला दुसरा पर्याय असतो, तो भाच्याला निवडायला सांगावे.

तिसरा एक प्रकार गुरुजींच्या वाट्याला अजून आलेला नाही, पण येईल. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन घरे, घेते आणि त्यातला पहिला बाइट नेहमी सारखाच असतो. दुसरा बहुधा दोनांपैकी एक असतो. अशी फाइल एखाद्या प्रोग्रामने जुन्या पश्चिमी संचातली समजून उघडली, तर पडद्यावर डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ आणि त्यामागे कधी चार शिंगांचे वर्तुळ, तर कधी जपानी येनची खूण, अशी जोडी ओळभर पुन्हा पुन्हा दिसते. ही जोडी दिसली तर आनंद मानावा, कारण सगळे बाइट जागच्या जागी असतात आणि फाइल योग्य पद्धत निवडून उघडली की मराठी जसेच्या तसे परत येते. एक्सेलमध्ये अशी फाइल दोनदा टिचकी मारून उघडण्याऐवजी ‘डेटा’ या भागातून मजकूर म्हणून आत घ्यावी आणि तेथे ६५००१ या क्रमांकाची यूटीएफ-८ पद्धत निवडावी.

कुऱ्ह्याबद्दल मला एक शंका आहे. छापखान्याच्या कोणी जाणत्याने बोलावे, मग मी लिहीन.


भुसावळचा_कंपोझिटर

ताई, जाणता नाही, पण जुना आहे. आधी खिळे जुळवले, मग संगणक आला. कुऱ्हे पानाचे हे गाव आमच्याच तालुक्यातले असल्यामुळे या ‘ऱ’शी माझे वैर जुने आहे.

बाहेरच्यांना ठाऊक नसते ती गोष्ट सांगतो. आमच्या गावांतल्या कितीतरी छापखान्यांत आजही पत्रिका, हँडबिल आणि कार्यअहवाल युनिकोडमध्ये जुळवले जात नाहीत. श्रीलिपी, आयएसएम असल्या संचांतले जुने फाँट वापरले जातात, कारण कोरल आणि पेजमेकर या पाने जुळवण्याच्या प्रोग्रामांच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठीची जोडाक्षरे फुटत असत आणि कारागिरांचे हात त्या कळफलकावर बसलेले आहेत. या फाँटांत क हा ‘क’ म्हणून साठवलेला नसतो. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या घरांत अर्धा क, काना, वेलांटी, रफार असे तुकडे बसवलेले असतात आणि प्रत्येक कंपनीने ते आपापल्या सोयीने बसवलेले आहेत. त्यामुळे जुन्या फाँटातला मजकूर गिऱ्हाइकाच्या फोनवर मजकूर म्हणून पाठवला, तर त्याला इंग्रजी अक्षरे, डॉलर आणि कंस यांची खिचडी दिसते. पूर्वी ई-मेलमध्ये हसरा चेहरा पाठवला की समोरच्याला नुसता इंग्रजी ‘जे’ दिसत असे, त्याचे कारणही हेच. विंगडिंग्ज नावाच्या फाँटात ‘जे’च्या घरात हसरा चेहरा बसवलेला आहे.

गुरुजींची फाइल युनिकोडमध्ये आली असणार. छापखान्याने ती कन्व्हर्टरमधून जुन्या फाँटात नेली असणार. कन्व्हर्टर ज्याने केला त्याने ‘ऱ’ लिहिण्याची एकच रीत शिकवली असेल, तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला ‘ऱ’ त्याच्या हातून सुटतो आणि रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. एकाच पानावर एक कुऱ्हे बरोबर आणि दुसरे चुकीचे येण्याचे याहून वेगळे कारण मला सुचत नाही.

माझ्याकडून झालेली चूकही सांगतो. एका लग्नानंतर छापलेल्या आभारपत्रात ‘आचाऱ्यांचे आभार’ असे हवे होते आणि छापून आले ‘आचार्यांचे आभार’. प्रूफ मीच तपासले होते. आचारी खूश झाले, घरमालक झाले नाहीत, आणि पाचशे प्रती मला स्वखर्चाने पुन्हा छापून द्याव्या लागल्या.


तापीवरून_पुण्याला

कंपोझिटर आबांनी माझी शंका खरी ठरवली. गुरुजी, आपण काही पाने संगणकावर आणि काही पाने फोनवर टंकित केली आहेत का?


अमळनेरचे_गुरुजी

होय. उन्हाळ्यात माळ्यावर बसवत नसे, म्हणून तेव्हाची पाने खाली ओट्यावर बसून फोनवर उतरवली. शिवाय आपला प्रतिसाद वाचून मी एक प्रयोग केला. संगणकाच्या कळफलकावरून ‘कुऱ्हे’ लिहून फाइलमध्ये शोध घेतला, तर तो शब्द ३१ ठिकाणी सापडला. कागदावर रेघा ओढून हाताने मोजला, तर तो ५२ ठिकाणी आहे. डोळ्याला सगळे ५२ सारखेच दिसतात.


तापीवरून_पुण्याला

उरलेल्या २१ ठिकाणीच सगळे प्रकरण आहे.

मराठीतला हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो. पहिल्या रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे क्रमांक ०९३१, त्यापुढे हलन्त आणि मग ‘ह’ किंवा ‘य’ असतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र ज्या कळीवर आहे तीच कळ शिफ्टसह दाबली की हा ‘ऱ’ मिळतो. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे २००डी क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह असते. या चिन्हाला रुंदी नाही, आकार नाही. ‘येथे रफार करू नये, अर्धा र दाखवावा’ एवढी सूचना ते पडद्यावर अक्षर काढणाऱ्या प्रोग्रामला देते. खाली दोन्ही रीतींनी लिहिते.

कुऱ्हे
कुर्‍हे

आपणा सर्वांना हे दोन शब्द बहुधा सारखे दिसतील, पण संगणकाच्या लेखी ते दोन निरनिराळी गावे आहेत. दुसऱ्या रीतीचे दुखणे असे की अदृश्य चिन्हे कचरा समजून गाळून टाकणारे प्रोग्राम पुष्कळ आहेत. अर्ज भरून घेणारी संकेतस्थळे, नावांच्या याद्या शुद्ध करणारी साधने आणि आबांनी सांगितलेले कन्व्हर्टर यांपैकी कोणीही २००डी काढून टाकले की मागे साधा र आणि हलन्त उरतो, आणि नियमाप्रमाणे त्याचा रफार होतो. कुऱ्हे, तऱ्हाडी, वऱ्हाड, गिऱ्हाईक या सगळ्यांची अशीच गत होते.

गुरुजींनी फाइल मला पाठवावी. र, हलन्त आणि २००डी अशी तिन्ही चिन्हे लागोपाठ आली की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त लिहायचे, हे काम दोन ओळींच्या प्रोग्रामने होते. सूर्य, कार्य, आर्य यांना त्यामुळे धक्का लागत नाही, कारण त्यांत ते अदृश्य चिन्ह नसते. मात्र छापखान्याच्या प्रुफातून मजकूर उलट उचलून आणू नये. तेथे ते चिन्ह आधीच गळून गेलेले आहे, आणि दर्या म्हणजे समुद्र की दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आचार्य की आचारी, हे मग संदर्भ वाचून माणसालाच ठरवावे लागते.

हीच तपासणी ‘ॲ’ची सुद्धा करावी. ०९७२ क्रमांकाचा एकसंध ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र देत, आणि अनेक कळफलक आजही तसेच देतात. दिसायला तोच, पण युनिकोडच्या नियमांत या दोहोंना समान मानलेले नाही, त्यामुळे शोधात एक सापडतो आणि दुसरा राहतो. जुन्या यंत्रांवर तर अ एकीकडे आणि अर्धचंद्र ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला, असेही दिसते. ते ठिपक्यांचे वर्तुळ कोणी टंकित केलेले नसते. एखादी मात्रा निराधार आहे असे यंत्राला वाटले की ते तिला बसायला तो पाट मांडते.


रावेरची_बाग

विषय थोडा बाजूला नेतो, पण चिन्हांचाच आहे. आम्ही काही बागायतदार मिळून केळीचे रोजचे भाव शेतकऱ्यांना साध्या मेसेजने पाठवतो, कारण साऱ्यांकडे मोठे फोन नाहीत. मेसेज इंग्रजी अक्षरांत असतो. गेल्या वर्षी कोणाच्या तरी सूचनेवरून आम्ही ‘रु.’ ऐवजी ₹ ही खूण घातली आणि त्या महिन्याचे बिल दुपटीच्या पुढे गेले. मजकूर तेवढाच होता. मेसेज पाठवून देणाऱ्याकडे तक्रार केली तर त्याने ‘तुमचे मेसेज लांब आहेत’ एवढेच उत्तर दिले.


तापीवरून_पुण्याला

भाऊ, त्याचे उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. साध्या मेसेजचा एक ठराविक अक्षरसंच आहे आणि त्यातली अक्षरे असली तर एका मेसेजमध्ये १६० मावतात. त्या संचाबाहेरचे एकही चिन्ह आले की संपूर्ण मेसेज दुसऱ्या पद्धतीने पाठवला जातो आणि मर्यादा ७० वर येते. मजकूर लांब असून तुकडे पडले, तर प्रत्येक तुकड्यात ६७ अक्षरेच बसतात. ₹ ही खूण सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती २०बी९ या क्रमांकाने युनिकोडमध्ये आली. मेसेजचा तो संच तिच्या कितीतरी आधीचा आहे. दीडशे अक्षरांचा भाव एका मेसेजमध्ये जात होता, तो एका खुणेमुळे तीन मेसेजचा झाला. पुन्हा ‘रु.’ लिहावे. मराठीत भाव पाठवायचे असतील तर मर्यादा ७० चीच राहील, तेव्हा ₹ घातल्याने वेगळा भुर्दंड पडणार नाही.

जाता जाता एक सांगते. ही खूण स्वीकारली गेली त्या सुमारास काही फाँटांनी ती कळफलकावर एकाच्या डावीकडे असलेल्या तिरप्या टिंबाच्या जागी बसवली होती. त्या वेळच्या फाइली आज उघडल्या तर रकमेपुढे नुसते तिरपे टिंब दिसते. आबांनी सांगितलेल्या जुन्या फाँटांचाच हा धाकटा भाऊ म्हणावा. विंडोजच्या इंग्रजी (भारत) कळफलकावर उजवी ऑल्ट कळ आणि ४ एकत्र दाबले की खरी खूण मिळते.


धुळ्याचा_मोडीवाचक

गुरुजींच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण पावकीबद्दल अजून कोणी बोललेले नाही आणि मला तोच भाग महत्त्वाचा वाटतो. आमच्या धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाच्या संशोधन मंडळामुळे जुन्या कागदांचा नाद अनेकांना लागला आहे, आणि त्यात हिशेबाचे कागद वाचताना या खुणा रोज भेटतात.

दंड आणि पावकी दिसायला जवळपास सारखे असले तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. दंड हे विरामचिन्ह आहे. ए८३० हे चिन्ह मात्र युनिकोडच्या तक्त्यात संख्या म्हणून नोंदलेले असून त्याचे मूल्य एक चतुर्थांश असे दिलेले आहे. पुढे ए८३१ म्हणजे अर्धा आणि ए८३२ म्हणजे पाऊण. त्यानंतरची तीन चिन्हे आण्यांची आहेत. ए८३३ म्हणजे एक आणा, ए८३४ म्हणजे दोन आणे आणि ए८३५ म्हणजे तीन आणे, कारण चौथ्या आण्याला पावकी पुरी होते. पाच रुपये सात आणे लिहायचे तर पाचापुढे पावकी आणि तिच्यापुढे तीन आण्यांची खूण, म्हणजे ५꠰꠵. हा सगळा संच २००९ साली युनिकोडमध्ये आला. तो देवनागरीच्या मुख्य तक्त्यात नसून वेगळ्या ठिकाणी आहे, कारण या खुणा उत्तरेकडच्या अनेक लिप्यांत समाईक होत्या. फाँट करणारे अनेकदा मुख्य तक्ता पुरा करतात आणि येथवर येतच नाहीत, म्हणून चौकोन दिसतात. नोटो सान्स देवनागरी या मोफत फाँटात या खुणा आहेत. वर्डमध्ये ए८३१ हा क्रमांक इंग्रजीत लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स या कळा दाबल्या की निमकी उमटते, त्यामुळे दर वेळी तक्ता शोधण्याची गरज नाही.

दंड सर्वांना दिसतो आणि हे चिन्ह सर्वांना दिसत नाही, म्हणून दंडच वापरावा, असे म्हणणारे माझे मित्र आहेत. मला ते मान्य नाही. आज दंड टंकित केला तर उद्या त्या फाइलमध्ये ओवीचा शेवट कोणता आणि सव्वा रुपया कोणता, हे कोणालाच वेगळे काढता येणार नाही, आणि गुरुजींच्या आजोबांच्या चोपडीत आरंभी ‘॥ श्री ॥’ असणारच.


भुसावळचा_कंपोझिटर

मोडीवाचक नाना, तत्त्व मान्य आहे, पण गुरुजींची पुस्तिका घरातल्या पन्नास माणसांनी फोनवर उघडायची आहे. त्यांतल्या वीस जणांना चौकोन दिसले तर ते आजोबांचा हिशेब वाचणार कसा? मी छापणारा माणूस आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत जे पोचत नाही ते माझ्या लेखी छापलेलेच नाही.


धुळ्याचा_मोडीवाचक

आबा, म्हणूनच साठवण्याची प्रत आणि वाटण्याची प्रत वेगळी ठेवावी. वाटायची प्रत पीडीएफ करावी आणि करताना फाँट तिच्यात अंतर्भूत करावा, म्हणजे समोरच्याकडे फाँट असो वा नसो, रेघा दिसतील. साठवायची प्रत मात्र साधा युनिकोड मजकूर म्हणूनच ठेवावी. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलून पाहिला आहे का? वेलांटी एका अक्षराने सरकते आणि जोडाक्षरे फुटतात, कारण पीडीएफला आकार कोठे ठेवायचा हे पक्के ठाऊक असते, पण त्या आकारांमागची अक्षरे आणि त्यांचा क्रम तिच्यात पुष्कळदा धड नोंदलेला नसतो.

हिशेबाच्या यादीत मी आणखी एक करतो. एका रकान्यात मूळ खुणा जशाच्या तशा ठेवतो आणि शेजारच्या रकान्यात तीच रक्कम दशमान आकड्यांत लिहितो. युनिकोडने पावकीला मूल्य दिले असले तरी एक्सेलला तिची बेरीज येत नाही. ५꠰꠵ च्या शेजारी ५.४३७५ लिहिले की बेरजेचे काम होते आणि आजोबांचे लिहिणेही राहते.


बोरीकाठ

आमच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत असत, पण ती अशी कागदावर काढायची असते हे कोणी शिकवले नाही. आणखी एक विचारतो. माझ्या फोनवर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात आणि मुलीच्या फोनवर मराठी वळणाचे. तेही असेच काही वेगळे क्रमांक आहेत का?


तापीवरून_पुण्याला

नाही दादा, तेथे क्रमांक एकच आहे आणि फक्त फाँटाची आवड वेगळी आहे. काही फाँटांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असेल तर मराठी वळण निवडले जाते. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेबद्दल जो निर्णय काढला त्यात ल आणि श यांची मराठी वळणे मान्य केली आहेत. आपल्या फोनची भाषा मराठी करून पाहावी. फरक पडला नाही तर तो फाँट एकाच वळणाचा आहे, एवढेच समजायचे. मजकुरात कोणतीही चूक नाही.


अमळनेरचे_गुरुजी

ताईंनी दुरुस्त केलेली फाइल काल रात्री मिळाली. ‘कुऱ्हे’ आता शोधात ५२ ठिकाणी सापडते. ‘ॲ’ फक्त चार ठिकाणी होता आणि तो चारही ठिकाणी जुन्या रीतीचा निघाला. भाच्याने यादी यूटीएफ-८ निवडून पुन्हा जतन केली, ती नावांसह व्यवस्थित आली आहे, आणि मोडीवाचक नानांच्या सांगण्याप्रमाणे तिच्यात दशमान रकाना वाढवला आहे. छापखान्याने युनिकोडमध्येच पाने जुळवण्याचे कबूल केले असून त्यासाठी पानामागे थोडे जास्त पैसे मागितले आहेत, ते मी देणार आहे.

आता मोडीतली नऊ पाने उरली आहेत. ती मला वाचता येत नाहीत. कोणी वाचून दिली तर ती मोडी अक्षरांतच साठवावीत की बालबोधीत, हेही सांगावे.


धुळ्याचा_मोडीवाचक

वाचून मी देतो. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली ११६०० पासून पुढची जागा मिळाली आहे आणि नोटोचा मोडी फाँटही आहे, तेव्हा मोडीत साठवणे शक्य आहे.


तापीवरून_पुण्याला

फक्त एक सावधगिरी बाळगावी. मोडीचे क्रमांक पाच अंकी आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक अक्षर चार बाइट घेते. मायएसक्यूएल या माहितीकोशात ‘यूटीएफ८’ या नावाने जो जुना प्रकार आहे तो तीन बाइटच स्वीकारतो, त्यामुळे अशा कोशावर चालणाऱ्या संकेतस्थळावर मोडी मजकूर चढवला तर तो नाकारला जातो, नाहीतर पहिल्या मोडी अक्षरापाशी कापला जातो. हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे टाकल्यावर पुढचा मजकूर गायब होतो, तो याच कारणाने. चार बाइटांचा ‘यूटीएफ८एमबी४’ हा प्रकार त्यासाठी निवडावा लागतो. हे संकेतस्थळ कोणत्या प्रकारावर चालते ते मला ठाऊक नाही, म्हणून मोडीचा नमुना येथे चिकटवण्याआधी आपला प्रतिसाद दुसरीकडे जतन करून ठेवावा.


धुळ्याचा_मोडीवाचक

तर मग येथे बालबोधीतच लिहीन आणि मोडी प्रत फाइल करून गुरुजींना पाठवीन. गुरुजी, पानांचे फोटो दिवसाच्या उजेडात, पान सपाट ठेवून काढावेत. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवले तर ते दाबले जातात आणि आण्यांच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळतात, म्हणून दस्तऐवज म्हणून पाठवावेत. दोन आणे आणि तीन आणे यांच्यात एका रेघेचाच फरक असतो.


तापीवरून_पुण्याला

नाना, आपण वर ‘व्हॉट्सअॅप’ लिहिले आहे त्यातला ‘अॅ’ दोन तुकड्यांचा आहे.


धुळ्याचा_मोडीवाचक

फोनवरून लिहिले होते, ताई. कळफलक बदलतो.